माझी चूक काढू नका

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. घडवंची म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्या जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते. चार पाय, चढायला दोन पायऱ्या आणि वर उभं राहायला एक रुंद फळी. माळ्यावरचं पातेलं काढायचं असो की पंख्यावरची धूळ पुसायची असो, माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही. मला स्टूल म्हणू नका हं. स्टुलावर नुसतं बसतात. माझ्यावर माणसं आपला जीव सोपवून उभी राहतात आणि त्या जबाबदारीनं मी गेली बेचाळीस वर्षं हैराण आहे.

मी जन्माची घाबरट. कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माझ्या पोटात गोळा येतो. मला पोट नाही, ही गोष्ट वेगळी. मग मी कुरकुरते. जपून गं, डावीकडे झुकू नकोस, एक हात भिंतीला लाव, असं सगळं मी त्या एका आवाजात सांगत असते. घरातल्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. "झाली म्हातारीची कुरकुर सुरू!" असं म्हणतात आणि खुशाल चढतात.

मला अण्णांनी घडवलं. अण्णा म्हणजे या घरातले आजोबा. लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. ते सुतार. साऱ्या गल्लीची दारं-खिडक्या त्यांनी केली, पण स्वतःच्या घरात बसायला धड पाट नव्हता. शेवटी त्यांच्या बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "माळ्यावरचं पीठ काढायला मी आता डब्यावर डबा ठेवून चढणार नाही. आधी मला काहीतरी करून द्या, मग जेवायला वाढते." त्याच दुपारी अण्णांनी उरल्यासुरल्या सागवानातून मला उभं केलं. पोटात भूक, म्हणून हाताला घाई. शेवटचा पाय, मागचा डावा, खाचेत ठोकताना घाव जरा जोरात बसला आणि पायाचं टोक उभं चिरलं. दुसरं लाकूड नव्हतं. मग अण्णांनी तिरकी एक चूक मारली आणि ती चीर आवळून धरली.

मित्रांनो, सुतारकामात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. म्हणजे बघा, हातून चूक झाली आणि ती चुकेनंच सावरली. पण अण्णा पडले नावाजलेले कारागीर, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आपल्या हातून लाकूड चिरलं हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मला तिच्यापुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "हिची चूक मात्र कधी काढायची नाही."

ती हसत सुटली. तिला वाटलं, नवऱ्याला आपल्या कामाला नाव ठेवलेलं खपत नाही. तिनं ते वाक्य गल्लीभर केलं. खरं काय ते सांगायची ती वेळ होती, पण अण्णांना लाज आडवी आली आणि ते गप्प बसले. पुढे ती या घरातली म्हणच झाली. भाजीत मीठ कमी पडलं, शर्टाचं बटण उलटं शिवलं गेलं, की कोणीतरी म्हणणारच, "चूक काढायची नाही, अण्णांची घडवंची आहे!" सगळे हसायचे. मी एकटी काळजीत असायचे, कारण माझा सगळा भार त्या एवढ्याशा खिळ्यावर होता.

वर्षं गेली. माझं कौतुकही खूप झालं. रंगारी मला उसनी मागून न्यायचे आणि म्हणायचे, "अशी मजबूत घडवंची आता मिळत नाही." मजबूत! मी आतल्या आत कापत असायचे. मला करून घेणारी आजी एक दिवस गेली. मग शेजाऱ्यांनी घडीची हलकी शिडी आणली, ती आमच्याकडेही येऊ लागली आणि मला दाराआड ठेवलं गेलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा हायसं वाटलं होतं. मग शेजारी घर सोडून गेले, शिडीही गेली, आणि मी परत स्वयंपाकघरात आले.

आता घरात चार माणसं. अण्णा, त्यांचा मुलगा, सून आणि नात. मुलगा बस चालवतो, सून शाळेच्या कचेरीत कामाला जाते. नात अकरा वर्षांची. जिथंतिथं चढते म्हणून तिचं नाव खार पडलंय. तिच्या नात्यानं मीही त्या दोघांना बाबा आणि आईच म्हणते.

तीन महिन्यांपूर्वी बस चालवताना बाबांच्या छातीत कळ आली. त्यांनी बस बाजूला घेतली, प्रवासी उतरवले आणि मग स्वतः आडवे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने जड उचलायचं नाही आणि मटण-मासे पूर्ण बंद. आई मटण असं करायची की गल्लीत वास गेला तरी लोक निमित्त काढून घरी यायचे. पण तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, "एकाच्या ताटात एक आणि बाकीच्यांच्या ताटात दुसरं, असं माझ्या घरात चालणार नाही. सगळ्यांचंच बंद." बोलून तर गेली. पण भाज्या आणि कडधान्यं तिच्या हाताला सरावाची नव्हती. रोज झाकण उघडताना तिचा चेहरा परीक्षेचा निकाल बघितल्यासारखा व्हायचा.

त्यात बाबांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. खारीची आत्या, म्हणजे आईच्या वन्सं. "माझ्या भावाला पालापाचोळा खाऊ घालतेस म्हणे? रविवारी येतेच मी. बघते काय हाल चाललेत ते."

झालं! आईनं आठवड्याची रजा टाकली. थंडी सरली की दरवर्षी ती घर धुऊन काढते, ते यंदा बाबांच्या आजारपणात राहून गेलं होतं. आता तिनं पणच केला की रविवारपर्यंत माळ्यापासून उंबऱ्यापर्यंत घर लख्ख करायचं आणि असं जेवण करायचं की वन्संना मटणाची आठवण होता कामा नये. एका हातात झाडू, एका हातात डाव. मला तिची इतकी काळजी वाटायची, मित्रांनो, की काय सांगू.

मंगळवारी तिनं सगळ्या बरण्या धुतल्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या. एका बरणीत खायचा सोडा, दुसरीत धुण्याचा. राजमा भिजत घालताना टाकलेला चिमूटभर सोडा नेमका धुण्याचा निघाला आणि खायचा गेला पडद्यांच्या बादलीत. राजमा फेकून द्यावा लागला. "पडदे चवीला बरे झाले असतील," बाबा म्हणाले. आई हसली नाही. बुधवारी नळ घासण्यात सगळी लिंबं संपली आणि सूपला लिंबू उरलं नाही. गुरुवारी ती गच्चीवर गालिचा झोडपत होती तेव्हा खाली मसूर करपली. "आई, मी काही करू?" असं खारीनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नको, तू मध्ये लुडबुडू नकोस." बाबांनी विचारलं की, "तुम्ही पडून राहा." अण्णांना तर ती विचारूच द्यायची नाही.

शनिवार उजाडला. पडून पडून बाबांच्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. "अगं, निदान खुर्च्या तरी पुसू दे," ते काकुळतीला येऊन म्हणाले. आईनं ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं. खुर्च्या झाल्या, टेबल झालं आणि मग ते माझ्याकडे वळले.

मागच्या डाव्या पायाशी फडकं अडकलं. बाबांनी वाकून पाहिलं. गंजलेल्या खिळ्याचं डोकं वर आलं होतं. "अरेरे, कोणाचा तरी पाय फाटायचा," असं म्हणून हा भला माणूस पक्कड घेऊन आला.

मी जिवाच्या आकांतानं कुरकुरले. उभ्या जन्मात एवढ्या मोठ्यानं कुरकुरले नसेन. त्यांनी मला थोपटलं. "गप गं म्हातारे, तुझ्या भल्याचंच करतोय." आणि त्यांनी चूक काढली. बेचाळीस वर्षांची चूक दोन हिसक्यांत बाहेर आली. ती त्यांनी कचऱ्यात टाकली, पाय पुसला आणि मला परत ओट्याजवळ नेऊन ठेवलं.

मी पुन्हा ओरडून बघितलं. आवाजच येईना. तेव्हा मला कळलं, माझी सगळी कुरकुर म्हणजे त्या खिळ्याला लाकूड घासण्याचा आवाज होता. आता खिळा नाही आणि आवाजही नाही. चिरलेला पाय खाचेत नुसता टेकलेला. भार सरळ खाली आला तर तो टिकणार. कोणी डावीकडे झुकलं की चीर उघडणार आणि पाय निसटणार. हे मला एकटीला माहीत होतं आणि मी मुकी झाले होते.

पहिल्यांदा आई बसली, भोपळा चिरायला.  सुदैवानं ती सरळ बसली आणि भोपळा चिरून उठली. मग खार आली ती थेट वरच्या फळीवर. तिथं उभं राहून तिनं घड्याळ पुसलं आणि उडी मारून गेली. ते घड्याळ उजवीकडे होतं म्हणून निभावलं. देवा, आता पुरे, असं मी म्हणत होते. पण माळा अजून राहिला होता.

अकराच्या सुमाराला आईनं रविवारच्या जेवणाची रंगीत तालीम मांडली. एका शेगडीवर कुकर, त्यात नवा राजमा. सहा शिट्ट्या. दुसऱ्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात टोमॅटो रटरट उकळत होते. "सहा शिट्ट्या होईपर्यंत माळा उरकते," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला ओढून ओट्याला लावलं. उकळतं पातेलं माझ्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर.

ती चढली. पहिली पायरी. दुसरी. फळी. मी गप्प. "अरे वा," ती म्हणाली, "आज म्हातारी बोलत नाही! ह्यांनी पुसली ती चांगलीच पुसली."

कुकरची शिट्टी झाली. "एक." तिनं उजव्या बाजूची धूळ झटकली. परत शिट्टी. "दोन." मधले डबे पुसून झाले. उद्या वाढायला लागणारा मोठा चिनी मातीचा वाडगा माळ्याच्या डाव्या टोकाला होता, बरोबर त्या पातेल्याच्या वर. तिनं हात लांबवला. पोचेना. टाचा उचलल्या आणि ती झुकली.

चीर उघडली. नखाएवढी. मग बोटाएवढी. "तीन," आई म्हणाली. वाडगा तिच्या बोटांना लागला होता, पकडीत येत नव्हता. मी उरलेल्या तीन पायांनी जमीन धरून ठेवली होती. बाई गं, मागं हो, मागं हो, एवढंच माझ्या मनात चाललं होतं आणि ते सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाहेरच्या खोलीत अण्णा आणि खार मटार सोलत बसले होते. अण्णांचा डावा कान गेलाय, उजवाही आता अर्धाच चालतो. त्यांचे हात मध्येच थांबले.

"तुझी आई वर चढली का गं?"

"हो, मघाशीच."

"मग घडवंची का बोलत नाही?"

एरवी अण्णांना जमिनीवरून उठायला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी मटार उधळले गेले आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात दिसले. त्यांनी एकदा माझ्या पायाकडे पाहिलं. मग गुडघे दुखतात हे विसरून ते धपकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा डावा पाय खाचेत दाबून धरला.

"उतर!" ते ओरडले.

"एवढ्यात कुठं, अण्णा? तीनच झाल्यात," आई वरूनच म्हणाली. तिनं वाडगा आता छातीशी धरला होता. "सहा होऊ देत, मग उतरवते."

"कुकर नव्हे गं बाई! तू उतर! तू!"

तिनं खाली पाहिलं. सासरे जमिनीवर, कपाळाची शीर तटतटलेली, दोन्ही हात माझ्या पायाला. तिनं वाडगा खाली केला. मागून आलेल्या खारीनं हात वर करून वाडगा घेतला. "हळू," अण्णा म्हणाले, "उजवा पाय आधी. भिंतीला धर. डावीकडे जाऊ नको. शाबास. आता दुसरा." माझ्या पायऱ्यांवरून आजवर इतक्या हळू कोणी उतरलं नसेल. तिचे दोन्ही पाय फरशीला लागताच अण्णांच्या हातातला जोर संपला आणि तिनं त्यांना मागं ओढलं. पाय सुटला, मी डावीकडे कलले आणि पातेल्याला धडकले. उकळते टोमॅटो ओट्यावरून खाली सांडले आणि जिथं ती पडली असती ती सगळी फरशी लाल वाफेनं भरून गेली.

बाबा धावत आले. "काय झालं? मी तर सकाळी फक्त एक गंजका खिळा काढला होता तिचा..."

"चूक होती ती," अण्णा म्हणाले.

"हो ना, चुकूनच काढला, मला काय माहीत..."

"अरे गाढवा, चूक! बारीक खिळा! बेचाळीस वर्षं सांगतोय, हिची चूक काढू नका म्हणून!"

खार फिस्कन हसली आणि लगेच तोंडावर हात दाबून गप्प झाली, कारण अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण सांगितलं कुठं मी," ते पडल्या आवाजात म्हणाले. "लाकूड माझ्या हातून चिरलं होतं. तुझ्या आईला नाही सांगितलं, तुला नाही सांगितलं. लोक हसले, मी हसू दिलं. आज माझ्या अब्रूपायी सून गेली असती माझी."

आई ओल्या भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. ती पडण्याच्या भीतीनं रडतेय असं सगळ्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "मला दोन्ही नाही जमत. आठ दिवस झाले, मला नाही जमत. इथं असले की तिथलं जळतं, तिथं गेले की इथलं राहतं. आणि उद्या वन्सं येणार." बेचाळीस वर्षांत या स्वयंपाकघरात "मला जमत नाही" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

 बाबांनी टोमॅटोची शेगडी बंद केली आणि ते फरशी पुसायला बसले. कुकरनं शिट्टी दिली.

"किती झाल्या गं?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"सात," खार म्हणाली. "मी मोजतेय." आणि तिनं स्वतः जाऊन गॅस बंद केला. राजमा जरा जास्तच शिजला होता. आईनं पाहिलं आणि तसाच राहू दिला.

रविवारी आत्या आली तेव्हा माळा अर्धाच झाला होता, टोमॅटोचे डाग भिंतीवर होते आणि मी तीन पायांवर कोपऱ्यात टेकून उभी होते. आत्यानं तोंड उघडायच्या आत अण्णांनी लेकीला उंबऱ्यातच सगळं सांगितलं, स्वतःची चूक पहिल्यांदा. आत्या आत आली. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. तो अंगानं जरा भरला होता आणि मटार निवडत बसला होता.

"काय बाकी आहे?" तिनं आईला विचारलं.

"काही नाही, वन्सं. तुम्ही बसा," आई सवयीनं म्हणाली.

"मी तुला विचारलं, ती चूक झाली," आत्या म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून तिनं सरळ कांदे ओढून घेतले.

जेवताना भोपळा थोडा अळणी निघाला. नुसतं मीठ इकडून तिकडे फिरलं. आत्यानं राजमा दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदा घेताना मात्र ती कोणाकडे बघत नव्हती.

अण्णांनी मला नवा पाय बसवला. हात त्यांचा थरथरतो, म्हणून मोजमाप आणि बोलणं त्यांचं आणि करवत चालवली खारीनं. या वेळी लाकूड चिरलं नाही, तरी अण्णांनी त्याच जागी एक चूक मारून घेतली आणि ती कशासाठी हे सगळ्यांना सांगितलं. मी पुन्हा कुरकुरायला लागले आहे, आणि माझी काळजी काही कमी झालेली नाही. उलट आता अण्णाही माझ्याबरोबर काळजी करतात.

मित्रांनो, मी जुनी आहे, मला पुसा, उन्हात ठेवू नका, पावसात विसरू नका, हे तर मी सांगणारच. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंचा एखादा खिळा काढण्याआधी तो कशासाठी मारलाय हे कोणाला तरी विचारा. आणि विचारणारा कोणी नसला तरी, मारणाऱ्यानं ते सांगून ठेवावं. पण माझी खरी विनवणी दुसरीच आहे. तुमच्या घरात कोणी वर चढलेलं असेल आणि खाली काही शिजत असेल, तर "मदत करू का?" असं दारातून विचारू नका. "नको" असंच उत्तर येतं. सरळ आत या आणि पाय धरा.

आमच्या घरात आता तसं होतं. पण परवा जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. आई जाळी काढायला आली, झाडू घेऊन पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं बाहेर बघून हाक मारली, "कोण येतंय धरायला?" बाबा पेपर ठेवून उठेपर्यंत तिनं दुसरा पाय उचलला नाही.